आंबलेली टाकी

९ फेब्रु.
लोणार. साडेसातला सरोवराच्या काठाशी उतरलो. मी, कॉलेजच्या लॅबमधले वानखडे, सोबत वनखात्याचा गार्ड. पाणी बरंच वर चढलंय, गेल्या खेपेची जागा बुडालेली. दुसरी शोधली. गाळ गुडघ्यापर्यंत. वर हिरवट साय, खाली काळाभोर, लोण्यासारखा मऊ. सहा बाटल्या काठोकाठ भरल्या, आत हवेचा बुडबुडा राहू दिला नाही. वानखडेंची एक चप्पल गाळानं ओढली ती गेलीच.
‘दोन वर्सं झाले मॅडम, हाय तरी काय ह्या गाळात?’
म्हटलं, दोन तऱ्हेचे जीव. एक साखर खातात, दुसरे मिथेन करतात. वेगळे ठेवले की दोघंही अडतात. एकत्र ठेवून काय होतं ते पाहायचंय.
जळगाव जामोदहून ताईच्या नवऱ्याचे, भाऊजींचे, दोन मिस्ड कॉल. हात गाळाचे, घेतला नाही.

११ फेब्रु.
भाऊजींना फोन केला. खुशीत होते. केळीला उठाव नाही, लोक ट्रॉल्या रिकाम्या करायला जागा शोधताहेत. भाऊजी ती केळी आपल्या डेअरीमागच्या गोबरगॅसमध्ये घालताहेत. शेण कमी, केळी जास्त. गॅस एवढा की खव्याची भट्टी दिवसभर चालते. सुखदेव (अकरा-बारा वर्षं डेअरीवर आहे, मी गेले की पहिला चहा तोच आणतो) केळी पायानं तुडवून आत लोटतो म्हणे.
मी म्हटलं, थोडी थोडी घाला, एकदम नको.
‘अवं, भुकेला माणूस थोडं थोडं खाते काय?’ हसले. मीही हसले.

१६ फेब्रु.
तीन संच लावले. पहिल्यात फक्त साखर खाणारे, दुसऱ्यात फक्त मिथेनवाले, तिसऱ्यात जोडी. सगळ्यांना तीच साखर, तेच खारं पाणी. आत हवा शिरली तर बाटली गुलाबी होते. दोन आजच गुलाबी. बूच मी नीट दाबलं नव्हतं. फेकल्या, पुन्हा भरल्या. वर्गावर जायला उशीर, प्राचार्यांचं तोंड वाकडं.
आईचे गुडघे फार दुखतात. मेहकरला दाखवून झालं, आता खामगावला न्यावं लागेल.

२४ फेब्रु.
लेक्चर चालू असताना भाऊजींचा फोन. बाहेर येऊन घेतला.
‘नंदा, गॅस तं निघून राह्यला, पण पेटून नाही राह्यला. चूल फुसफुस करते अन् इझते.’
नीट समजावलं. साखर खाणारे हावरट असतात. भराभर खातात आणि आंबट सोडतात. मिथेनवाले धीमे, ते पहिल्यांचं उष्टं उचलून जगतात. उष्टं उचलण्याच्या वेगापेक्षा जास्त साचलं की टाकी आंबते, धीमे मरतात. मग गॅस निघतो पण तो जळणारा नसतो. केळी बंद करा. थोडा चुना, ताजं शेण, आणि तीन आठवडे टाकीला हात लावू नका.
‘तीन हप्ते? अन् लग्नाच्या खव्याच्या ऑर्डरी कोण, तुह्या जिवाणूनं पुऱ्या करायच्या?’
आंबटपणा तपासायच्या कागदाच्या पट्ट्या एस.टी. पार्सलनं पाठवते म्हटलं.

२७ फेब्रु.
पट्टी लालभडक आली म्हणे. चुना घातला. मी म्हटलं, आता वाट पाहा. माझ्या बाटल्यांचंही तेच, वाटच पाहायची. पहिला संच चार दिवस जोरात वाढला आणि थांबला, पाणी आंबट. दुसऱ्यात काही नाही. जोडीच्या बाटल्या गढूळ, पण गॅस तपासल्याशिवाय काय बोलणार. यंत्र अमरावतीला. बुधवारी पाठवायच्या.

३ मार्च
बाटल्या भरत होते. एका हातात नायट्रोजनची नळी, दुसऱ्यात बूच. भाऊजी. फोन कानाशी वानखडेंनी धरला.
‘नंदा, काही फरक नाही. आता काय करू थे मले एका वाक्यात सांग.’
मी म्हटलं, ‘मग उपसून टाका सगळं, धुवा आणि नव्यानं भरा.’
‘बस. हेच आयकाचं होतं.’
आठ बाटल्या झाल्या. एकही गुलाबी नाही.

६ मार्च
ताईचा फोन संध्याकाळी पाचच्या सुमारास. आधी नुसतं रडणं. मग, सुखदेव गेला. टाकीत. भाऊजीही पडले होते, खामगावला नेलंय.
निघते.

८ मार्च
ज.जा.
जळगाव जामोदला आल्यावर काल लिहिता आलं नाही. झालं ते असं. परवा सकाळी ट्रॅक्टरवरचा पंप लावून वरचं पातळ उपसलं. तळाला केळीच्या सालींचा, शेणाचा जाड थर, तो पंपात येईना. दुपारी सुखदेव घमेलं घेऊन उतरला. खाली पोचला आणि बसल्यासारखा झाला, मग आडवा. भाऊजी दोर बांधून निम्म्यापर्यंत गेले, हाका मारत, तेही लोंबकळले. दोर होता म्हणून लोकांनी ओढून काढलं. सुखदेवच्या अंगाला दोर नव्हता. त्याला आकडा लावून काढलं.
भाऊजी बोलतात, श्वास अपुरा. ताईला ओळखतात. धोका टळला म्हणाले डॉक्टर.
दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी हेच शिकवते. बंद टाकी, विहीर, खड्डा. जड वायू तळाला बसतो. वास येतो, मग वासच येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं आता बरं आहे. फळ्यावर खड्ड्याचं चित्र काढते. बाजूला माणूस, त्याच्यावर फुली.
भाऊजींना हे सांगायला किती वेळ लागला असता.

१० मार्च
सुखदेवची बायको पंचफुलाबाई आली. ताईनं पाणी दिलं, ते हातात तसंच. ताईकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळली.
‘मॅडम, तुमी ह्याच्यातलंच शिकेल आहा म्हणते. मंग मले एक सांगा. त्याले समजलं असंन का? का झोपल्यावानी गेला?’
म्हटलं, समजलं नसेल. एक-दोन श्वासांतच शुद्ध जाते.
‘खरं?’
हो.
निघताना ग्लास खाली ठेवला, भरलेला. मी ‘हो’ फार लवकर म्हटलं. मला काय माहीत. मी कधी विचार केला तो बाटलीतल्यांचा.

११ मार्च
परत मेहकर. आईला सगळं सांगितलं, फक्त तीन तारखेचा फोन सोडून.

१५ मार्च
पुन्हा ज.जा. भाऊजी घरी आलेत. काठी घेऊन चालतात, चार पावलं टाकली की थांबतात. मला बघून रडले. माणूस वाईट नाही. ताईला ताप आला तर रात्रभर पाय चेपत बसणारा माणूस आहे. सुखदेवच्या पोरीच्या लग्नाचा मांडव ह्यांनीच घातला होता.
जेवणं झाल्यावर म्हणाले, ‘मी त्याले म्हटलं होतं, उतरू नको. थो आयकला नाही. थोडी घेतेल होती त्यानं.’
मी ताईकडे पाहिलं. ताई ताटं उचलून आत गेली.
मग मूळ मुद्दा. मी कॉलेजच्या कागदावर लिहून द्यावं की असा वायू तयार होईल हे सामान्य माणसाच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. ‘तू ह्याच्यातली डॉक्टर हायेस, तुह्या सहीले वजन आहे.’
म्हटलं, विचार करते.
विचार कसला. नाही म्हणायची हिंमत झाली नाही, एवढंच.

१९ मार्च
अमरावतीहून आकडे आले. पहिल्या संचात मिथेन नाही. दुसऱ्यात नाही. जोडीच्या पाचही बाटल्यांत आहे, भरपूर, आणि साखर पार संपलेली. लोणारच्या खाऱ्या पाण्यातही दोघं मिळून जगतात. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते.
खुर्चीत बसून राहिले. वानखडेंनी विचारलं, ‘जमलं का मॅडम?’ म्हटलं, जमलं.
‘म्हंजे दोघायची दोस्ती झाली म्हना.’
दोस्ती कसली. एकाची घाण ती दुसऱ्याचं अन्न. उचलणारा असला की दोघं जगतात, नसला की दोघं अडतात. त्यांना काही ठाऊक नसतं.
वानखडे पेढे आणायला निघाले, थांबवलं. त्यांना वाटलं बहिणीकडे माणूस गेला म्हणून.

२२ मार्च
ज.जा.च्या ठाण्यातून जमादारांचा फोन. ‘तुमच्या भाऊजींनी जबाबात सांगितलं, टाकी उपसायचं साळीला विचारून केलं, ती प्रोफेसर आहे. तुमचा जबाब लागेल मॅडम.’
म्हणजे मी कागदही द्यायचा आणि नावही माझंच.
राग आला. दहा मिनिटं. मग लक्षात आलं, त्यांनी खोटं कुठे सांगितलं? विचारलं होतं. मी सांगितलं होतं.

२३ मार्च
आईला आज फोनचं सांगितलं. भाकरी थापत होती. थापतच राहिली.
‘तू उतर म्हटलं नव्हतं ना?’
नाही.
‘मंग झालं तं.’
थोड्या वेळानं, ‘ताईचा संसार पाह्य. दोन लेकरं हायेत तिले. माणूस आत गेला तं डेअरी कोण पाहीन?’
सुखदेवलाही दोन लेकरं. तिला माहीत आहे.

२६ मार्च
सुखदेवच्या घरी गेले. आज पुण्यानुमोदन होतं. दोन खोल्या, समोर मांडव. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली सुखदेवचा आधारकार्डावरून मोठा करून घेतलेला फोटो, त्यात तो ओळखूही येत नाही. भन्तेजींची गेलेल्यासाठीची वंदना झाली, लोक जेवायला बसले. ताईकडून कोणी नव्हतं. मी मागे बायकांत बसले. कोणी ऊठ म्हटलं नाही, बस असंही नाही.
शेवटी पंचफुलाबाई आली. मी ठरवून गेले होते, एका दमात सांगितलं. मालकानं मला फोनवर विचारलं, मी उपसून टाका म्हटलं. आत माणूस उतरवू नका हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. घाईत होते.
तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
‘मंग मले काऊन सांगून राह्यल्या?’
म्हटलं, तुम्हाला माहीत असावं म्हणून.
‘मले सांगून तुमचं हलकं होईन. माहं काय होईन? जिथं सांगाचं तिथं सांगा.’
उठायला लागले तर तिनं हाताला धरून बसवलं. हात खरबरीत, गार. हळूच म्हणाली, ‘मी होती तिथं. भाकर घेऊन गेली होती. थो म्हणे, मालक, लई वास येऊन राह्यला, उद्या पाहू. मालक म्हणे, दूध काढाच्या आंधी उरकून घे, दहा मिनटाचं काम हाय. दारू म्हणतात ना? पोरीच्या लग्नापासून शिवला नाही थो.’
मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ‘मॅडमले जेवाले वाढा वो.’
जेवले. ताटात काही टाकण्याचा प्रश्नच नव्हता.

३१ मार्च
ताईचा फोन. भाऊजींना कळलं मी तिकडे गेले होते.
‘तू कोणाच्या बाजूनं हायेस?’
म्हटलं, ताई, तुला ठाऊक आहे तो प्यायलेला नव्हता.
फोन बंद झाला नाही. मागे म्हशीचं रेकणं.
‘मले काहीच ठाऊक नाही,’ ताई म्हणाली. ‘मले काही ठाऊक असाचं कामच नाही. मी लग्न होऊन इथं आली तवापासून मले काही ठाऊक नाही.’
लहानपणी माझ्या वाटणीचा मार ही खायची.

४ एप्रिल
शोधनिबंध लिहायला बसले. ‘सहकार्य’ हा शब्द तीनदा लिहून खोडला. शेवटी ‘एकत्र वाढ’ लिहिलं.
वर्गावर तो खड्ड्याचा धडा आला. शिकवला. चित्र काढलं नाही. एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, मग आत पडलेल्याला वाचवायचं कसं?’ सांगितलं, आपण उतरायचं नाही. दोर, हवा, मदत. ‘आणि तो आपला माणूस असला तर?’
तरी नाही, म्हटलं.

९ एप्रिल
ठाण्यात. दोन तास बाकावर. मग जबाब. जमादार सभ्य माणूस, चहा मागवला. केळ्यांपासून सगळं सांगितलं. तीन तारखेचा फोन, माझं वाक्य जसंच्या तसं.
‘आत उतरू नका असं तुम्ही सांगितलं होतं?’
नाही.
‘तुम्हाला धोका माहीत होता?’
होता. दरवर्षी शिकवते.
पेन थांबलं. ‘मॅडम, हे असंच लिहू? तुमच्या अंगावर येईल.’
लिहा.
‘मयतानं दारू घेतली होती?’
मी तिथं नव्हते. पण त्या टाकीत शुद्धीतला माणूसही टिकला नसता, हे लिहा. लिहिलं.
‘मालकानं उतरायला सांगितलं होतं?’
मी तिथं नव्हते. जी होती तिला विचारा. नाव सांगितलं.
‘ती बाई दोनदा येऊन गेली. तिचा जबाब घ्यायचा राहूनच गेला.’ हे त्यांनी साधेपणानं सांगितलं, पेन हातात फिरवत. मी म्हटलं, आज घ्या, मी बसते. म्हणाले, आज साहेब बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी. तारीख कागदावर लिहून मागितली. दिली, पण सही नाही.
माझ्या जबाबावर मी चार ठिकाणी सही केली. मुक्काम ओळखीच्या एका मॅडमकडे. ताईकडे जायचा धीर झाला नाही.

१० एप्रिल
दुपारी पंचफुलाबाईकडे जाऊन तो कागद दिला. तिनं घडी करून पोलक्यात ठेवला. ‘सोमवारी तुमी येसान?’ म्हटलं, येईन. तिनं मान हलवली. विश्वास ठेवला असं काही दिसलं नाही.
तिथून ताईकडे. माझ्या तोंडून कळावं म्हणून. घरात गेलेच नाही, डेअरीच्या मागूनच आवाज येत होता. टाकीच्या तळाचा गाळ अजून तसाच, पंचनामा झाल्यापासून ती उघडी. वासाची शेजाऱ्यांची तक्रार. भाऊजींनी नवा माणूस लावलाय, चाळिशीचा, काशीराम नावाचा, डोंगराकडच्या गावचा. तोंडाला गमछा बांधून तो टाकीत लोखंडी शिडी सोडत होता.
म्हटलं, उतरू नको.
‘मालक म्हणे, म्हैना झाला, गॅस उडून गेला.’
तळाचा गाळ हलला की पुन्हा निघतो. इथे माणूस मेलाय, माहीत आहे ना?
‘माईत हाय,’ तो म्हणाला.
मी शिडी वर ओढली. जड होती, त्यानंच दुसरं टोक धरलं. भिंतीकडेला आडवी टाकली आणि तिच्यावर बसले.
ताई बाहेर आली. ‘नंदा, ऊठ.’
पाणी मारून पंपवाल्याकडून काढून घे. माणूस नको.
‘जबाबात काय लिहून दिलं?’
सांगितलं. सगळं. पंचफुलाबाईचं नाव दिलं तेही. ताई माझ्याकडे बघत राहिली, मग टाकीकडे. आत गेली, दाराला कडी घातली.
दोन तास झाले. काशीराम निंबाखाली उकिडवा बसलाय. मघाशी विचारलं, ‘बाई, मंग मी जाऊ का थांबू?’ म्हटलं, थांब. पंपवाला फोन उचलत नाही. शिडीवर बसूनच लिहितेय, लोखंड तापलंय. म्हशी ओरडायला लागल्यात, दूध काढायची वेळ.
कडी निघाल्याचा आवाज. भाऊजी येताहेत. काठी टेकत, हळू, चार पावलं टाकून थांबत.